निळीची पुडी

बिलातले अडतीस हजार अडकले होते.
सहा महिने फोन करून बोटं झिजली
तेव्हा मुंदडा शेठचा धाकटा म्हणाला,
"मुनीरभाई, भाभीला घेऊन दोन रात्री राहून जा ना.
एका रात्रीचंच भाडं एकोणीस हजार आहे."
गणित बरोबर होतं,
म्हणूनच जास्त राग आला.

तर आलो. मी आन् सुग्रा, स्कूटीवर,
जालन्यातून निघून नागेवाडीचा टोलनाका ओलांडून,
सळयांचे कारखाने मागं पडतात, धूर विरळ होतो
आन् तुरीच्या रानात एकदम ग्रीस लागतं.

पांढऱ्या भिंती, निळे घुमट, कमानी.
सुग्रा गेटातच थबकली, ओढणी सारखी केली.
"कुणाचा दर्गा आहे?"
"हॉटेल आहे."
"मग चपला घालूनच जायचं?"

काउंटरवरच्या पोरीच्या छातीला पट्टी: एलेना.
ती परतूरची गोकर्णा निघाली.
तिनं उंच ग्लासात पुदिन्याचं पाणी दिलं
आन् हळूच विचारलं, "मावशी, भूक लागलीय का?
इथलं जेवण लई थोडं असतं."

सात नंबर.
दार उघडल्याबरोबर मी छताकडं बघितलं, सुग्रानं गादीकडं.
या खोलीत परांचीवरून आवेसचा पाय घसरला होता,
पडता पडता त्यानं भिंत धरली होती.
मी पलंग पुढं ओढला.
होता. उशीमागं, कमरेच्या उंचीवर,
निळ्या रंगात उमटलेला त्याचा पंजा,
चार बोटं स्पष्ट, अंगठा पुसट.
मनगट अजून वाकडंच आहे त्याचं.
सुग्रानं त्यावर आपला हात ठेवून पाहिला,
मग पलंग होता तिथं लोटला.

धाकट्यानं मोबाइलात फोटो दाखवला होता, समुद्राकाठचं बेट,
रात्रभर नाचणारी गोरी पोरं,
"हाच पांढरा पाहिजे, मुनीरभाई, हाच. थंडगार."
कंपनीचे चार डबे वाया गेले.
पिवळट यायचा, दुधाळ यायचा, दवाखान्यासारखा यायचा.
पाचव्या दिवशी मी किराणा दुकानातून
नीळ आणली, दोन पुड्या,
ईदच्या आधी अम्मी चुन्याच्या बादलीत टाकायची तशी,
चिमटीनं, बिस्मिल्ला म्हणून.
धाकटा नाचायचाच बाकी राहिला: "एकदम ग्रीस!"
मी गप्प बसलो.
बिलात अम्मीला कुठल्या खान्यात लिहू?

रात्री दहाला डीजे सुरू झाला.
पाण्यात फेस, फेसात पोरं,
खिडकीच्या काचा दाढदुखीसारख्या ठणकत होत्या.
सुग्रा कानात कापूस घालून
गोकर्णानं आणून दिलेली भाकरी खात होती, ठेच्यासंगं,
पायाखाली गालिचा,
चेहरा बादशहाच्या सासूसारखा.

अडीचला सगळं थंडावलं आन् टँकर आला.
गफूर. जुन्या जालन्याचा, माझ्या वर्गातला.
तलावात नळी सोडता सोडता म्हणाला,
"रात्रीचं काम काढलंस का रे?"
"नाही. राहायला आलोय."
तो इतका हसला, इतका हसला
की पाणी काठावरून फरशीवर, फरशीवरून तुरीत गेलं.

सुग्रा कधी खाली आली कळलं नाही.
सलवार वर खोचून पाय पाण्यात सोडून बसली होती.
घुमट चांदण्यात माझ्या हातासारखे दिसत होते,
खरबरीत, पांढरे.
"खरं ग्रीस असंच असतं का हो?"
"असंल. तिथंही कुणी ना कुणी
कुणाला तरी चुना लावलाच असंल."
तिनं पाणी उडवलं माझ्या अंगावर.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसरी रात्र आम्ही राहिलो नाही.
एलेनानं अभिप्रायाचा कागद पुढं केला, पाच चांदण्यांचा.
चांदण्या सुग्रानं भरल्या, पाचही.
खाली मी लिहिलं:
सात नंबरच्या न्हाणीत उजव्या कोपऱ्याला ओल धरलीय.
दुसरा हात मारून घ्यावा.
एकोणीस हजार बाकी.
आन् माझा नंबर.